कापसाच्या रानात कॉम्प्युटर व्हिजन: मराठवाड्यातल्या विद्यार्थ्यासाठी संशोधनाची वाट, प्रश्नापासून पेपरपर्यंत

आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत एम.टेक.चे प्रबंध चाळायला बसलात तर एक विषय हटकून हाती लागतो: डीप लर्निंगच्या साहाय्याने पिकांच्या पानांवरील रोग ओळखणे. आत प्लांटव्हिलेज नावाचा तयार डेटासेट, त्यावर शिकवलेलं रेझनेटसारखं एखादं न्यूरल नेटवर्क आणि शेवटच्या तक्त्यात ९८-९९ टक्के अचूकता. हे मॉडेल मानवत किंवा सेलूच्या रानात नेलं तर काय होईल, हा प्रश्न व्हायव्हात सहसा कुणी विचारत नाही.

उत्तर मात्र २०१६ पासून छापलेलं आहे. प्लांटव्हिलेजची ५४,३०६ छायाचित्रं वापरून ज्या संशोधकांनी ९९.३५ टक्के अचूकता गाठली, त्यांनीच त्याच पेपरात लिहून ठेवलंय की इंटरनेटवरून वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो आणून तपासल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास आली. पुढे २०२२ मध्ये आणखी एक मजेशीर तपासणी झाली. फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल मॉडेलला दाखवले, पान दाखवलंच नाही, तरी ३८ वर्गांत त्याने ४९ टक्के उत्तरं बरोबर दिली. नुसत्या अंदाजाने २.६ टक्के आली असती. म्हणजे एकेका रोगाचे फोटो एकेका प्रकारच्या उजेडात, एकेका टेबलावर काढले गेले होते आणि मॉडेल टेबल ओळखायला शिकलं होतं.

आपलं संशोधन अडतं ते जीपीयूवाचून (मॉडेल शिकवायला लागणाऱ्या शक्तिशाली चिपवाचून), असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. अडतं ते परीक्षा कशी घ्यायची हे आधी न ठरवल्यामुळे. बंगळुरू किंवा हैदराबादच्या प्रयोगशाळेला जे विकत घेता येत नाही ते आपल्या दारात आहे: सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर कापूस, सोयाबीन, तूर, मोसंबी, आणि परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ. या लेखात एकच उदाहरण धरून सगळी वाट चालू या. उदाहरण आहे गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्याचं.

प्रश्न निर्णयापासून शोधा

"कापसावर एआय" हा प्रश्न नाही. कोण, कुठल्या दिवशी, कुठल्या आकड्यावरून कुठला निर्णय घेतो, ते आधी विचारा.

गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत हा निर्णय लख्ख आहे. अळी बोंडात शिरली की बाहेरून दिसत नाही आणि तिच्यापर्यंत फवारा पोचत नाही. डोमकळ्या (अळीमुळे न उमलता गुलाबकळीसारखी मिटून राहिलेली फुलं) दिसायला लागतात तेव्हा अळी रानात आलेलीच असते. म्हणून शिफारस अशी आहे, की पातं-फूल लागायच्या सुमारास कामगंध सापळे लावायचे, त्यात अडकलेले नर पतंग रोज मोजायचे, आणि सलग ३ दिवस प्रति सापळा ८ पतंग सापडले की उपाय करायचा. २०१७ साली या अळीने महाराष्ट्रात जे केलं ते गावात कुणालाही विचारा. तेव्हापासून सापळे बरेच जण लावतात. रोज मोजणारा मात्र विरळा.

यातून एका वाक्याचा प्रश्न निघतो: सापळ्यातल्या चिकट कार्डाच्या मोबाईल फोटोवरून आज नव्याने अडकलेले पतंग इतके नेमके मोजता येतात का, की ८ च्या मर्यादेचा निर्णय माणसाच्या मोजणीशी जुळेल? या वाक्यात वस्तू आहे, आकडा आहे आणि नापास व्हायची शक्यताही आहे. तुमचा प्रश्न असा एका वाक्यात बसत नसेल, तर सिनॉप्सिस घेऊन आरआरसीपुढे (विद्यापीठाच्या संशोधन मान्यता समितीपुढे) जायची घाई करू नका.

शेतीच घ्यायला हवी असं नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या सळईवरचे दोष, वाळूजच्या कारखान्यात सुट्या भागांची तपासणी, मोडी कागदपत्रांचं वाचन, अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरच्या झिजेची नोंद, या सगळ्यांत पीएच.डी.जोगे प्रश्न आहेत. रीत हीच लागू पडते.

हंगाम आणि माणसं

संगणकशास्त्राचा विद्यार्थी हंगाम धरून चालत नाही आणि तिथेच एक वर्ष हातचं जातं. मराठवाड्यात कोरडवाहू कापूस मृगाच्या पावसावर, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत लागतो. सापळ्यांचं काम साधारण ऑगस्टअखेरीपासून सुरू होतं आणि खरा डेटा सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मिळतो. नोव्हेंबरात विषय मंजूर झाला, तर अर्धा हंगाम सरलेला असतो. उरलेल्या दिवसांत चाचणीपुरते थोडे फोटो काढा, फोटो काढायची पद्धत पक्की करा, मॉडेलची कच्ची साखळी उभी करा, आणि पुढचा हंगाम पूर्ण वापरा. तीन वर्षांच्या पीएच.डी.त दोन हंगाम मिळायलाच हवेत. का, ते पुढे येईलच.

कीटकशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून सोबत हवा. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कीटकशास्त्र विभाग परभणीला आहे, त्याच विद्यापीठाचं कापूस संशोधन केंद्र नांदेडला आहे, शिवाय जिल्ह्याजिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. परभणीला रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहनांवर डिजिटल शेतीचा मोठा प्रकल्पही झाला आहे, त्यामुळे "हे संगणकवाले इथे कशाला" असा सूर आता तिथे निघत नाही. भेटायला जाताना मॉडेल घेऊन जाऊ नका, पाच कार्डांचे फोटो घेऊन जा आणि "यातले गुलाबी बोंडअळीचे पतंग कोणते?" एवढंच विचारा. तासाभरात तुमच्या प्रश्नाचा निम्मा अवघडपणा समजतो. ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) एकाच जातीच्या नराला बोलावतो खरा, पण चिकट कार्ड कुणाचीही जात विचारत नाही. माश्या, मुंग्या, कोळी, दुसरे पतंग, कापसाचा तंतू, धूळ, सगळं त्यावर बसलेलं असतं.

शेतकऱ्याशी बोलताना तीन गोष्टी स्पष्ट करा: कितीदा येणार, फोटोंचं काय होणार, आणि फवारणीचा सल्ला तुम्ही देणार नाही. संमतीपत्र साध्या मराठीत, एका पानाचं असावं. रानात शिरायच्या आधी फवारणी कधी झाली ते विचारायचं. हे शिष्टाचारासाठी नाही, तुमच्या तब्येतीसाठी आहे.

वाचन थोडं, पण हाताने

चाळीस पेपरांचा गोषवारा तक्त्यात मांडला की साहित्य-आढावा झाला, असा समज आहे. त्याऐवजी कोड उपलब्ध असलेला एक जवळचा पेपर निवडा आणि त्यांचाच डेटा घेऊन त्यांचाच आकडा तुमच्या यंत्रावर काढून बघा. तो येत नसेल तर का येत नाही, हे शोधण्यात जे शिकायला मिळतं ते शंभर गोषवाऱ्यांत नाही. आर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर बहुतेक पेपर फुकट मिळतात, भारतातले प्रबंध शोधगंगेवर सापडतात, पायाभूत गणित कच्चं असेल तर एनपीटीईएलवर संगणक-दृष्टीचे (कॉम्प्युटर व्हिजनचे) मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत. प्रत्येक पेपर वाचताना वहीत एकच ओळ लिहा: यांनी परीक्षा कुठल्या फोटोंवर घेतली?

फोटो काढण्याआधीचं गणित

हा भाग बहुतेक जण ओलांडून जातात आणि नंतर मॉडेल बदलत बसतात.

डेल्टा सापळ्यातलं कार्ड २० सेंटीमीटर रुंद आहे असं धरू. मोबाईलचा फोटो ४००० पिक्सेल रुंद. कार्डाने चौकट पूर्ण भरली, तर एक पिक्सेल म्हणजे ०.०५ मिलिमीटर. बसलेला पतंग ८ मिलिमीटर लांब धरला तर फोटोत तो १६० पिक्सेलचा झाला. भरपूर आहे. आता हाच फोटो योलोसारख्या डिटेक्टरला (फोटोत वस्तू शोधून तिच्याभोवती चौकट काढणाऱ्या मॉडेलला) दिला, की तो आधी ६४० पिक्सेलपर्यंत आकसतो. पतंग उरला २६ पिक्सेलचा. कोको या प्रसिद्ध चाचणी-डेटासेटच्या व्याख्येत ३२ गुणिले ३२ पिक्सेलपेक्षा कमी क्षेत्रफळाच्या वस्तूला लहान वस्तू म्हणतात आणि तिथे सगळेच डिटेक्टर चाचपडतात. पंखांच्या कडेचा काळसर पट्टा, ज्यावरून कीटकशास्त्रज्ञ पतंग ओळखतो, तो या आकसण्यात पुसून गेलेला असतो.

उपाय सोपा आहे. फोटो निम्म्यावर आणा, म्हणजे २००० गुणिले १५००. पतंग ८० पिक्सेलचा राहतो. मग ६४० चे तुकडे पाडा आणि शेजारच्या तुकड्यांत १०० पिक्सेलचा भाग सामाईक ठेवा, म्हणजे कापणीच्या रेषेवर आलेला पतंग एका तरी तुकड्यात अख्खा दिसेल. असे १२ तुकडे होतात. तुकड्यातुकड्यांवर शोध घेऊन पुन्हा जोडताना दुहेरी चौकटी काढून टाका. मॉडेल तेच, पण निकाल वेगळा येतो.

फोटो काढतानाही थोडी शिस्त हवी. कार्ड सावलीत धरा, चिकट पृष्ठभागावर ऊन चमकलं की त्याखालचं काही दिसत नाही. फोनचा ब्यूटी मोड, एचडीआर वगैरे बंद ठेवा. एकाच फोनवर सगळं काढू नका, निदान तीन वेगळ्या किमतीचे फोन वापरा, कारण शेवटी शेतकऱ्याच्या हातात कुठला फोन असेल ते तुम्ही ठरवणार नाही. आणि गावातून फोटो मागवणार असाल तर व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होतो आणि त्यासोबतची तारीख-वेळेची नोंद गळून जाते.

प्रत्येक फोटोमागे गाव-क्रमांक, सापळा-क्रमांक, तारीख, वेळ, फोन, आणि त्या दिवशी माणसाने रानात केलेली मोजणी, एवढं एका तक्त्यात हवं. रानातली मोजणी राहिली, तर बाकी सगळं असूनही परीक्षा घेता येत नाही.

चौकटी काढणं: लेबलिंगची नियमपुस्तिका

लेबलिंगला बसण्याआधी दोन पानांची नियमपुस्तिका मराठीत लिहा. नुसता पंख दिसतोय तर मोजायचा का? दोन पतंग एकमेकांवर बसलेत तर चौकटी किती? खवले झडून राखाडी झालेला जुना पतंग? ओळखता येत नाही, असा वेगळा वर्ग ठेवायचा का? शेवटच्या प्रश्नाचं माझं उत्तर हो आहे. शंका लपवण्यापेक्षा नोंदवलेली बरी.

मग सुमारे दहावा हिस्सा फोटो दोघांकडून स्वतंत्रपणे लेबल करून घ्या, त्यातला एक कीटकशास्त्राचा विद्यार्थी असू द्या. दोघांचं कुठं जुळत नाही ते मोजा. कोहेनचा कॅपा (kappa) हे त्यासाठीचं जुनं, १९६० चं माप आहे. पण चौकटींच्या बाबतीत आधी कुठली चौकट कुठल्या चौकटीशी जुळते ते ठरवावं लागतं. दोन जाणकार माणसांतच फोटोमागे दोन पतंगांचा फरक पडत असेल, तर तुमच्या मॉडेलकडून त्याहून बारीक अचूकतेचा दावा करण्यात अर्थ नाही. हा आकडा पेपरात छापा. परीक्षक खूश होतात, कारण तो क्वचितच कुणी देतो.

काम करायला सीव्हीएटीसारखं मोफत साधन पुरतं. किती फोटो पुरतील, याचं ठोक उत्तर नाही, पण शोधायची रीत आहे: उपलब्ध डेटाच्या पाव, निम्म्या आणि पूर्ण भागावर तेच मॉडेल शिकवा आणि चूक किती होते त्याचा आलेख काढा. आलेख अजून उतरत असेल तर रानात जा. सपाट झाला असेल तर फोटो वाढवून उपयोग नाही, दुसरं काही बदला.

विभागणी: इथेच संशोधन ठरतं

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये टाकून ८०-२० अशी (८० टक्के शिकवायला, २० परीक्षेला) चिठ्ठ्या टाकून विभागणी करायची, ही आपल्याकडची सर्वांत महागडी सवय. एकाच कार्डाचा सोमवारचा फोटो शिकवण्यात गेला आणि मंगळवारचा परीक्षेत आला, तर त्यातले बरेचसे पतंग तेच, त्याच जागी, त्याच धुळीसह. प्रश्नपत्रिका आधीच फुटलेली असते.

विभागणी फोटोनुसार नको, गावानुसार करा. समजा परभणी आणि जालना जिल्ह्यांतल्या सहा गावांत सापळे लावलेत. एक अख्खं गाव बाजूला काढा आणि त्याचे फोटो शेवटपर्यंत उघडू नका. उरलेल्या पाच गावांत आलटून पालटून एक गाव तपासणीला ठेवा, सायकिट-लर्न या पायथन लायब्ररीत यासाठी गटवार विभागणीची सोय तयार आहे. दुसऱ्या हंगामाचा डेटा हाती आला, की तो पूर्णच्या पूर्ण परीक्षेसाठी वापरा. पहिल्या वर्षावर शिकवलेलं मॉडेल दुसऱ्या वर्षी किती टिकलं, हा तुमच्या प्रबंधातला सर्वांत मोलाचा तक्ता असेल. दोन हंगाम हवेत म्हटलं ते यासाठी.

आकडे खाली येतील. ९७ चे ८१ झाले म्हणून गाईड नाराज होतील, त्यांना दोन्ही विभागण्यांचे आकडे शेजारी शेजारी दाखवा. तो फरक हाच निष्कर्ष आहे.

आधी साधी पद्धत, मग मॉडेल

पहिला प्रयोग डीप लर्निंगचा नसावा. ओपनसीव्ही या मोफत लायब्ररीत कार्ड करडं करा, ओत्सूच्या १९७९ च्या पद्धतीने उंबरठा (कार्ड आणि त्यावरचे डाग वेगळे करणारी करड्या छटेची मर्यादा) काढा, जोडलेले डाग वेगळे करा, आकाराने गाळा, मोजा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. ही मोजणी किती चुकते ते लिहून ठेवा. तुमचं भारी मॉडेल हिच्यापेक्षा किती सरस ठरलं, एवढंच शेवटी सांगायचं असतं. एखाद्या स्वच्छ कार्डावर ही जुनी पद्धतच पुढे निघते, तेव्हा गंमत वाटते.

मग आधीच शिकलेला डिटेक्टर घेऊन तो तुमच्या डेटावर फाइन-ट्यून करा. शून्यापासून शिकवायचा हट्ट धरू नका. कॅगल आणि कोलॅबवरचं मोफत जीपीयू या कामाला पुरतं. अल्ट्रालिटिक्सचं योलो वापरणार असाल तर त्याचा परवाना एजीपीएल आहे (त्यावर बांधलेला कोडही खुला करावा लागतो), पुढे ॲप बाजारात आणायचा बेत असेल तर हे आत्ताच वाचून घ्या. कॉलेजच्या यंत्रावर चालवणार असाल तर प्रत्येक फेरीनंतर चेकपॉइंट (तोवर शिकलेलं मॉडेल) जतन करा. वीज जाणारच आहे.

प्रत्येक प्रयोग वेगवेगळ्या सीडने (यादृच्छिक सुरुवात ठरवणाऱ्या आकड्याने) निदान तीनदा चालवा, सरासरीसोबत फैलावही द्या. अर्ध्या टक्क्याच्या सुधारणेवर अख्खं प्रकरण उभारलेले प्रबंध आहेत, आणि नुसता सीड बदलला तरी एवढा फरक पडतो.

वजाबाकीचा सापळा

आता आपल्या प्रश्नातली खरी अडचण. कार्डावर जुने पतंग तसेच राहतात. आज नव्याने किती आले, हे काढायला आजच्या मोजणीतून कालची वजा करावी लागते. दोन्ही मोजण्यांत ३-३ पतंगांची चूक असेल आणि त्या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील, तर वजाबाकीतली चूक ३ राहत नाही, वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ घेऊन ४.२ होते. मर्यादा आहे ८ ची. म्हणजे कार्डावरच्या साठ पतंगांत ३ ची चूक म्हणजे ९५ टक्के अचूक असं मिरवणारं मॉडेल प्रत्यक्ष निर्णयात निम्म्याने डळमळतं. व्यवहारात कालचाच कचरा आजही पतंग म्हणून मोजला गेला तर चुका काही प्रमाणात एकमेकींना खातात, पण त्यावर विसंबणं म्हणजे दैवावर हवाला. रोज कार्ड बदललं तर प्रश्नच मिटतो, पण तो खर्च शेतकरी करणार नाही.

इथे मॉडेल मोठं करून भागत नाही, भूमिती लागते. कार्डाच्या चार कोपऱ्यांवर अरुको खुणा चिकटवा, हे काळे-पांढरे छोटे चौकोन ओपनसीव्ही लगेच ओळखतो. सपाट कार्डाचा कुठल्याही कोनातून काढलेला फोटो समोरून काढल्यासारखा सरळ करायला होमोग्राफी लागते. तिच्यात आठ अज्ञात असतात, प्रत्येक बिंदू दोन समीकरणं देतो, म्हणून चार कोपरे पुरतात. कालचा आणि आजचा, दोन्ही फोटो असे सरळ करून एकावर एक ठेवा. कालच्या चौकटीपासून तीन-चार मिलिमीटरच्या आत आज चौकट असेल तर तो जुना पतंग, नसेल तर नवा. आता मोठ्या संख्यांची वजाबाकी उरली नाही, एकेका पतंगाची हजेरी झाली.

रान मात्र इथेही खोड्या काढतं. जिवंत पतंग फडफडत सरकतो. मुंग्या मेलेला पतंग ओढून नेतात. सप्टेंबरच्या पावसात कार्डाला पोक येतो, ते सपाट राहत नाही आणि मधल्या भागात होमोग्राफी चुकते. खुणा चकचकीत लॅमिनेशन करून लावल्या तर उन्हात दिसत नाहीत, साध्या मॅट कागदावर छापा. यातली प्रत्येक गोष्ट मोजून ठेवली तर पेपरातल्या चर्चेचा भाग आपोआप लिहून होतो.

निकाल सांगताना एमएपी (डिटेक्टरच्या अचूकतेचं रूढ माप) द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. रोजच्या नव्या पतंगांच्या मोजणीत सरासरी किती चूक झाली ते द्या. सलग ३ दिवस ८ ची मर्यादा ज्या ज्या सापळ्यांवर ओलांडली गेली, त्यातले किती प्रसंग पकडले, किती सुटले, किती खोटे इशारे दिले, ते द्या. सुटलेला इशारा आणि खोटा इशारा यांची किंमत सारखी नाही. एकात बोंडं जातात, दुसऱ्यात एका फवारणीचे पैसे.

डोळ्याला चाकं लावायची तर

सापळ्यासाठी रोबोट नको. जिथे कॅमेरा खांबाला टांगून, सोबत रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आणि छोटं सौर पॅनेल लावून भागतं, तिथे चाकं लावणं म्हणजे प्रात्यक्षिकाची हौस. रोबोटिक्स करायचंच असेल तर जिथे हालचाल ही कामाची गरज आहे असा प्रश्न घ्या, उदाहरणार्थ सोयाबीनमधली कोळपणी. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर, मजूर मिळत नाही, आणि पाऊस उघडला की चार दिवसांत काम उरकावं लागतं.

साध्या जीपीएसची चूक काही मीटरची, म्हणजे तो तुम्हाला ओळच काय, कधी कधी शेजाऱ्याच्या बांधापलीकडे दाखवेल. मग एकतर सेंटीमीटरची अचूकता देणारं आरटीके जीपीएस घ्या, नाहीतर कॅमेऱ्याने ओळ धरा. ओळ धरायला पहिल्या दिवशी न्यूरल नेटवर्क नको. हिरव्याची दुप्पट वजा लाल वजा निळा, हा १९९५ पासूनचा एक्सेस ग्रीन निर्देशांक काळ्या मातीवर सुरेख चालतो, कारण काळ्यावर हिरवं उठून दिसतं. पिकाची झाकण होऊन ओळी एकमेकींत मिसळल्या की तो कोसळतो, तिथून पुढे तुमचं संशोधन सुरू.

वेगाचं गणित आधी मांडा. वाहन सेकंदाला अर्धा मीटर जातंय आणि फोटो घेण्यापासून पात्याला आज्ञा पोचेपर्यंत २०० मिलिसेकंद लागतात, तर तोवर वाहन १० सेंटीमीटर पुढे गेलेलं असतं. तण मागे राहिलं, पातं रोपावर. म्हणून फोटोला वेळेचा शिक्का, चाकांच्या फेऱ्यांवरून सरकलेलं अंतर, आणि त्यानुसार दुरुस्ती हवी. शटर १/१०० सेकंदाचं असेल तर त्या वेळात वाहन ५ मिलिमीटर सरकतं, पान पुसट होतं. शटर जलद करा, उजेड कमी पडला तर कॅमेऱ्यावर सावली-पेटी आणि स्वतःचा दिवा लावा.

खोली, म्हणजे वस्तू किती दूर आहे ते, मोजणाऱ्या कॅमेऱ्याचंही तसंच. दोन भिंगांतलं अंतर ५ सेंटीमीटर, फोकल लांबी ६०० पिक्सेल आणि जुळणीत पाव पिक्सेलची चूक धरली, तर १ मीटरवर खोली सुमारे ८ मिलिमीटरने चुकते आणि २ मीटरवर ३३ मिलिमीटरने. चूक अंतराच्या वर्गाने वाढते. अवरक्त ठिपके टाकून खोली मोजणारे कॅमेरे भर उन्हात आंधळे होतात. घरात सुरेख चाललेलं यंत्र ऑक्टोबरच्या दुपारी बांधावर तपासल्याशिवाय विकत घेऊ नका.

काळ्या मातीचा एक स्वतंत्र परिच्छेद प्रबंधात लागेल. पावसानंतर ती चाकाला लगडते, चाकाचा घेरच बदलतो, वर चाक जागच्या जागी फिरतं. एन्कोडर (चाकाच्या फेऱ्या मोजणारा सेन्सर) सांगतो २० मीटर, टेप सांगते त्याहून कमी. ओल्या, वाफशावरच्या आणि वाळून भेगाळलेल्या, अशा तिन्ही मातींत २० मीटरची सरळ धाव घेऊन टेपने तपासा. गझेबो या सॉफ्टवेअरमधल्या सिम्युलेशनमध्ये ही माती नाही. तिथे कोडमधल्या चुका शोधा, निष्कर्ष काढू नका.

सॉफ्टवेअरला आरओएस २, म्हणजे रोबोटसाठीचा मोफत सॉफ्टवेअर-संच. हम्बल ही आवृत्ती २०२२ ची, उबंटू २२.०४ वरची, मे २०२७ पर्यंत सांभाळली जाणारी. जॅझी २०२४ ची, उबंटू २४.०४ वरची, मे २०२९ पर्यंतची. नव्याने सुरू करताना जॅझी बरी, पण जेटसन ओरिन नॅनो या छोट्या संगणकावर जेटपॅक ६ ही त्याची प्रणाली टाकलीत तर खाली उबंटू २२.०४ येतं, मग हम्बलच सोयीची. आणि रानात जाल तेव्हा सगळ्या सेन्सरांचा प्रवाह बॅग फाइलमध्ये नोंदवून आणा. अल्गोरिदम घरी बसून त्याच नोंदीवर पुन्हा पुन्हा चालवता येतो, रान दरवेळी तसंच मिळत नाही. वाहनावर हाताने दाबायचं लाल बटण हवंच. बघायला पोरं जमतात आणि पातं फिरत असतं.

निकाल म्हणून १०० मीटरमागे माणसाला किती वेळा हात घालावा लागला, किती रोपं कापली गेली आणि किती तण राहिलं, हे द्या. व्हिडिओ सुंदर दिसला म्हणजे मोजणी झाली असं नाही.

पेपर आणि नंतरची आवराआवर

यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीनंतर प्रबंधाआधी पेपर छापून आलाच पाहिजे अशी देशपातळीवरची सक्ती राहिली नाही, पण तुमच्या विद्यापीठाचा अध्यादेश वाचून घ्या. "आठ दिवसांत प्रकाशन, शुल्क फक्त एवढं" असे मेल येतात ते सरळ कचऱ्यात टाका. संगणक-दृष्टीसाठी १९९८ पासून भरणारी आयसीव्हीजीआयपी ही भारतातली परिषद चांगली. वनस्पती आणि शेतीच्या व्हिजनवर सीव्हीपीपीए ही आंतरराष्ट्रीय कार्यशाळा आहे, तिथे तुमचा नेमका प्रश्न समजणारे परीक्षक भेटतात. सविस्तर काम झालं असेल तर कॉम्प्युटर्स अँड इलेक्ट्रॉनिक्स इन ॲग्रिकल्चर हे नियतकालिक बघा. इंग्रजीची धास्ती घेऊ नका. परीक्षक भाषेपेक्षा विभागणी कशी केली ते आधी बघतात.

डेटा झेनोडो या मोफत संग्रहावर ठेवला तर त्याला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो आणि लोक तुमचा पेपर उद्धृत करतात. ठेवण्याआधी फोटोंतला जीपीएस काढून टाका, गावांना क्रमांक द्या, फोटोत आलेले चेहरे आणि गाड्यांचे नंबर झाका. लेबलिंगची नियमपुस्तिका, विभागणीची यादी आणि न चाललेले प्रयोगही त्यासोबत द्या. ज्यांच्या रानात सापळे लावले त्यांना हंगाम संपल्यावर त्यांच्या सापळ्याचा दिवसागणिक आलेख एका कागदावर छापून नेऊन द्या, पुढच्या वर्षी सापळा लावू देतील.

तुमच्यामागून येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी एक चिठ्ठी लिहून ठेवा: कुठल्या गावात कुणाला भेटायचं, ल्यूर कुठून आणायचा आणि किती दिवसांनी बदलायचा, कुठला फोन तापून बंद पडतो, कोड कुठल्या आवृत्तीवर चालतो. मूळ फोटोंच्या दोन प्रती करा, एक विभागात आणि एक कॉलेजच्या बाहेर.